विश्लेषण: सॅनिटायझरला न जुमानणारा जंतू आणि चार दिवसांआड पाणी येणारं सोलापूर

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची साथ पुण्यात होती, पण राज्यातला पहिला संशयित मृत्यू नोंदवला गेला सोलापुरात. तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर या आतड्यातल्या जंतूचं नाव घरोघरी पोहोचलं. आतड्यालाच त्रास देणाऱ्या दुसऱ्या एका जंतूची मात्र फारशी बातमी होत नाही. तो अनेकदा हॉस्पिटलच्या वॉर्डातच गाठतो. नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील, थोडक्यात सी. डिफ.

नेमकं काय होतं?

न्यूमोनिया किंवा ऑपरेशनसाठी अँटिबायोटिक सुरू होतं. ते आजाराच्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. मोकळ्या झालेल्या जागेत सी. डिफ वाढतो आणि विष सोडतो. मग दिवसातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा पातळ जुलाब, पोटात कळा, ताप. वयस्कर रुग्णांच्या ते जिवावर बेतू शकतं. बरे झालेल्या साधारण पाचपैकी एकाला हा त्रास पुन्हा होतो.

सॅनिटायझर का चालत नाही?

कारण हा जंतू बीजाणू, म्हणजे स्पोअर तयार करतो. टणक कवचातले हे बीजाणू पलंगाच्या कठड्यावर, बेडपॅनवर, दाराच्या कडीवर महिनोन्महिने टिकतात. अल्कोहोलने ते मरत नाहीत. त्यामुळे कोविडने लावलेली बाटलीची सवय इथे कामाची नाही. साबण-पाण्याने हात चोळून धुतले तर बीजाणू मरत नाहीत, पण वाहून जातात. फरशी आणि पलंगासाठी क्लोरीनचं द्रावण लागतं, नुसतं फिनाईल पुरत नाही.

म्हणजे उपाय साधाच आहे: पाणी. पण सोलापूर शहराला वर्षानुवर्षं नळाचं पाणी चार-पाच दिवसांआड मिळत आलं आहे, उजनी भरलेलं असतानाही. इथल्या सिव्हिलमध्ये जिल्ह्याबरोबर धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीतूनही रुग्ण येतात. प्रश्न एका हॉस्पिटलचा नाही. आपल्याकडे जवळपास सगळीकडे रुग्णाचं शी-शू नातेवाईकच करतात, आणि तेच हात डबा उघडतात. वॉर्डातल्या बेसिनला पाणी आणि शेजारी साबण आहे का, हे म्हणूनच महागड्या मशीनइतकं महत्त्वाचं ठरतं.

इंग्लंडने काय केलं?

तिथल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये २००३ ते २००५ दरम्यान सी. डिफच्या साथीत किमान ३३ रुग्ण दगावले. पुढे प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली. २००७-०८ मध्ये देशात ५५ हजारांहून जास्त रुग्ण होते, २०१३-१४ मध्ये सुमारे १३ हजार. स्वच्छता वाढली होतीच, पण २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार मोठं श्रेय सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातल्या औषधांचा वापर कमी करण्याला जातं. आपल्याकडे हीच 'सिप्रो' चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असूनही मेडिकलमध्ये सहज मागितली जाते, तीही बऱ्याचदा जुलाबावरच!

भारतात अशी सक्तीची देशव्यापी नोंद नाही. शिवाय नेहमीच्या स्टूल कल्चरमध्ये हा जंतू सापडत नाही, कारण तो हवेत वाढत नाही. विषाची वेगळी तपासणी मागवावी लागते. म्हणून अँटिबायोटिक चालू असताना किंवा संपल्यावर दोन-तीन महिन्यांत असे जुलाब लागले, तर आधी कोणती गोळी घेतली होती हे डॉक्टरांना सांगा. त्यांना न विचारता जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, त्याने विष आतच अडकू शकतं.