अन्नाचा डोंगर आणि पसरलेली ओंजळ

जावा बेटावरील योग्यकर्ता नगरीत वर्षातून तीन वेळा राजवाड्यातून अन्नाचे डोंगर बाहेर पडतात. प्रेषितांच्या जन्मदिनी, रमजानचे उपवास संपल्यावर आणि बकरी ईदला निघणाऱ्या या मिरवणुकीला ‘गरेबेग’ म्हणतात. ‘गुनुंग’ म्हणजे डोंगर, म्हणून वाहून न्यायच्या त्या राशीला ‘गुनुंगान’. चवळीच्या लांब शेंगा, लाल मिरच्या आणि अंडी रचून केलेला तो नर डोंगर, चिकट तांदळाच्या पापड्यांनी मढवलेला तो मादी डोंगर. पुढे राजवाड्याच्या पलटणी चालतात. त्यांतल्या एका पलटणीचे नावच लोकांनी तिच्या लाल पोशाखावरून आणि टोकदार टोपीवरून ‘लाल मिरची’ असे ठेवले आहे. डोंगर मोठ्या मशिदीपाशी पोचतात, दुआ होते आणि सुलतानाने ईश्वराचे मानलेले आभार अन्नरूपाने प्रजेच्या हाती पडतात.

ते हाती कसे पडावेत, हा खरा प्रश्न आहे. वर्षानुवर्षे लोक त्या राशीवर तुटून पडत आणि काही मिनिटांत बांबूचा सांगाडा उरे. याला ‘रायाहान’ म्हणत. मिळालेली शेंग कोणी शेतात पुरे, कोणी दुकानात टांगे. करोनाच्या काळात मिरवणूक थांबली. पुढे २०२४ मध्ये राजवाड्याने हिसकावण्याऐवजी वाटपाची पद्धत स्वीकारली. हा बदल नसून ‘न्याडोंग’ या मूळ रीतीकडे, म्हणजे ओंजळ पसरून दान घेण्याकडे परतणे आहे, अशी त्यामागची भूमिका.

झुंबडीचे गोडवे गाणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांना तीत लोकशक्तीचा उत्सव दिसतो. पण झुंबडीत शेंग कोणाला मिळते? ज्याच्या कोपरात जोर आहे त्याला. म्हातारी बाई आणि कडेवर मूल घेतलेली आई रिकाम्या हातांनी परततात. कृतज्ञतेच्या विधीत दुबळ्यालाच वाटा मिळू नये, हे समर्थनीय नाही. तेव्हा रांग बरी.

मात्र रांगेचाही एक अर्थ असतो, आणि तो योग्यकर्त्यात विसरता येत नाही. इथला सुलतान केवळ मानाचा राजा नाही. १९४५ मध्ये नवव्या हमेंकुबुवोनोंनी आपले संस्थान नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे केले. त्या वारशाच्या आधारे २०१२ च्या कायद्याने सुलतान हाच निवडणुकीविना प्रांताचा राज्यपाल होतो. अशा सत्तेपुढे पसरलेली ओंजळ निव्वळ भक्तीची राहत नाही. शिवाय पूर्वी गरेबेगच्याच निमित्ताने प्रांतोप्रांतीचे अधिकारी राजधानीत येऊन निष्ठा आणि कर सादर करीत. तो कर अखेर शेतकऱ्याच्या घामाचा. म्हणजे डोंगर राजवाड्यातून उतरत असला तरी तो रचला गेला शेतांतून. घेणाऱ्याला त्याचीच शेंग परत मिळत होती, आणि आभारही त्यानेच मानायचे होते!

हा विधी इस्लामी की त्याहून जुना, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. जावाने तो वाद आपल्या परीने केव्हाच मिटवला. १६३३ मध्ये मातारामच्या सुलतान आगुंगने हिजरी चांद्र महिने स्वीकारले, पण वर्षगणना शकाचीच पुढे चालवली. तेव्हा तिथेही १५५५ होते आणि आपल्या शालिवाहन शकातही १५५५. पुढे चांद्र वर्षे आखूड म्हणून जावा पुढे सरकले. २०२४ च्या जुलैत तिथे १९५८ लागले, आपल्याकडे शके १९४६ चालू होते. ज्या समाजाने काळ असा जोडून घेतला, त्याला कुळी विचारण्यापेक्षा देणे-घेणे विचारावे.

त्याचे उत्तर राजवाड्यात नसून घराच्या ओसरीवर मिळते. ‘स्लामेतान’ हे जावानी घरातले साधे सहभोजन. ‘स्लामेत’ म्हणजे आपल्याकडचे ‘सलामत’च. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६० च्या ‘द रिलिजन ऑफ जावा’ या ग्रंथात त्याला जावानी धर्मजीवनाच्या केंद्रस्थानी ठेवले. यजमान शेजाऱ्यांना बोलावतो, निमित्त सांगतो, दुआ होते, चार घास खाऊन उरलेले अन्न प्रत्येक जण घरी नेतो. त्या शिदोरीला ‘बरकत’च म्हणतात. इथे झुंबड नाही आणि ओंजळही नाही, कारण आजचा यजमान उद्याचा पाहुणा असतो.

खेड्यांतील वार्षिक विधीला ‘सदेकाह बुमी’ म्हणतात. सदका आणि भूमी, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. तिथेही डोंगर रचतात आणि मिरवतात, पण रचणारे, वाहणारे आणि खाणारे तेच असतात. वरून खाली येणारे असे तिथे काही नसते. राजवाड्याला मूळ रीतीकडे जायचेच असेल तर माझ्या मते एवढ्यावर थांबू नये. रांग ठेवावी, पण खेड्यांनी रचलेले डोंगरही मशिदीपाशी यावेत आणि त्यांतला एक वाटा सुलतानाने, इतरांसारखाच रांगेत उभे राहून, ओंजळीत घ्यावा. पिकाबद्दल आभार मानायचे तर ज्याने पीक काढले त्याच्यापुढे हात पसरण्यात कमीपणा कसला?