विश्लेषण : वाशिमचा पांढरा कापूस आणि राखाडी टी-शर्टचे गणित

कारंजा, मानोरा, मंगरुळपीर भागातला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बाहेर पडतात. अशाच रुईचा काही भाग सूतगिरणीत आधी काळा रंगवून पांढऱ्या रुईत मिसळला, की राखाडी टी-शर्टचे सूत तयार होते. व्यापारात त्याला मिलांज सूत म्हणतात. सगळी रुई रंगवावी लागत नसल्याने पाणी आणि रंग वाचतो. अडचण एवढीच, की सूत निघेपर्यंत छटा नेमकी कळत नाही आणि ती चुकली तर मिसळलेले तंतू पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

निम्मे काळे, निम्मे पांढरे, तरी मधला राखाडी का नाही?

समजा, पांढरी रुई पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के परत फेकते आणि काळी ४ टक्के. सरासरी ४२ टक्के. प्रत्यक्षात कापड याहून बरेच गडद दिसते, कारण प्रकाश आत शिरून तंतूतंतूंवर आपटत फिरतो आणि वाटेत काळे तंतू तो गिळतात. कुबेल्का आणि मुंक यांच्या १९३१ च्या सूत्राने उत्तर सुमारे ७ टक्के येते, म्हणजे जवळपास काळेच. ते सूत्र मुळात रंगाच्या थरासाठीचे. तंतू काही रंगासारखे एकजीव होत नाहीत. स्टर्न्स आणि नोशेल यांनी १९४४ मध्ये लोकरीच्या मिश्रणासाठी दिलेल्या सूत्राने तेच उत्तर १२ टक्क्यांच्या आसपास येते. त्यातला ०.१५ हा आकडा मात्र सिद्धांतातून नव्हे, प्रयोगातून आलेला. तंतू बदलला की तोही बदलावा लागतो. सूत्र सगळ्यांना खुले आहे, पण आपल्या रुईचा आकडा आपल्यालाच मोजावा लागतो. खरी मेख इथे आहे.

वाशिमचा संबंध काय?

मिलांज सुतात न रंगवलेली रुई हाच एक रंग असतो. परतीच्या पावसात भिजून पिवळसर पडलेल्या कापसाचा भाव बाजारात पडतोच; इथे तर त्या पिवळेपणाने छटेचा सगळा हिशेब बिघडतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव पेठ येथील पीएम मित्र पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. अशा पार्कची चर्चा एकर आणि गुंतवणूक यांभोवतीच फिरते. वाशिमने गाठींवरच थांबायचे नसेल, तर या चर्चेत एक साधी मागणी घालायला हवी : परावर्तन मोजणारे स्पेक्ट्रोफोटोमीटर, नमुन्यापुरते सूत काढणारे छोटे यंत्र आणि ती चालवणारी स्थानिक मुले. गिरणीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. नोंदी मात्र दर हंगामाला ठेवाव्या लागतील, आणि पहिल्या वेचणीची व फरदडीची रुई वेगवेगळी मोजावी लागेल. दोन्हींचा पांढरा सारखा नसतो.