कॅमेऱ्याची बॅग घेताना आधी शिवण पाहा
दौलताबाद, वेरूळ, म्हैसमाळकडे पावसाळ्यात दुचाकीवरून कॅमेरा नेणाऱ्यांनी बॅग घेताना कापडाआधी चेन आणि शिवण पाहावी. कापड पाणी बऱ्यापैकी अडवते. पाणी शिरते ते सुईच्या छिद्रांतून आणि चेनच्या दातांमधून. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली, तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग खरी. रेनकव्हर स्वस्त, पण पाठीकडची बाजू ते उघडीच ठेवते. मराठवाड्यात पाऊस तो किती, असे कोणी म्हणेल. सरासरी कमी असेलही. पण लेन्स सरासरीने भिजत नाही, एका जोरदार सरीने भिजते. मात्र घट्ट बंद बॅगेत आतला ओलावाही कोंडतो आणि लेन्सवर बुरशी धरते. तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि घरी पोचताच कॅमेरा बाहेर काढा.