‘जाड आहे, चालते’ हे मोजून पाहा

बीडच्या भाजीबाजारात कॅरीबॅगबद्दल हटकले, की ‘ही जाड आहे, चालते’ असे उत्तर मिळते. ग्राहक पिशवी चिमटीत धरतो आणि मान डोलावतो. पण जाडी चिमटीत कळत नाही. ती मोजावी लागते.

केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ०.१२ मिलिमीटरपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. अकरावीच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजतो. तो नसला तरी फूटपट्टी पुरते. रिकाम्या पिशवीला दोन पदर असतात. तीनदा घडी घातली की सोळा होतात. हवा काढून घडी घट्ट दाबावी. १२० मायक्रॉनची पिशवी असेल तर घडी १.९२, म्हणजे जवळपास दोन मिलिमीटर भरते. अर्धाच मिलिमीटर भरली, तर पिशवी जेमतेम ३० मायक्रॉनची. आत थोडी हवा राहिली तर जाडी जास्तच दिसते. म्हणजे चूकही विक्रेत्याच्याच बाजूने.

पातळ पिशवी लगेच फाटते, वाऱ्याने उडते आणि बिंदुसरेच्या पात्रात नाहीतर गुरांच्या पोटात जाते. तिथे साठलेले प्लास्टिक सहसा बाहेर पडत नाही. जनावराचा चारा तुटतो, ते खंगते.

खरे तर राज्याने २०१८ मध्येच कॅरीबॅगवर बंदी घातली, मग ती जाड असो वा पातळ. तरी जाडीची सबब चालते, कारण ती कोणी तपासत नाही. शाळांनी ही मोजणी मुलांकडून करून घ्यावी. घरात एकदा घडी मोजली गेली, की बाजाराला निघताना कापडी पिशवीची आठवण राहील.