नवख्या खेळाडूचा पक्ष

रायपूरजवळच्या बीरगांवात, उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या घरी, मुलाच्या हाती प्रथम पडणारा मोबाइल बहुधा वडिलांचाच असतो, आणि त्याच मोबाइलवर त्यांच्या पगाराचे खाते यूपीआयने जोडलेले असते. त्यावर ‘फ्री फायर मॅक्स’ किंवा ‘बीजीएमआय’ हा बंदुकीच्या लढाईचा खेळ उतरवून घेण्यास एक पैसाही पडत नाही. एवढ्याच वस्तुस्थितीच्या आधारे ह्या खेळांच्या व्यवसायाचे कैवारी जो पूर्वपक्ष मांडतात तो असा : खेळ फुकट आहे, खर्च करणे सर्वस्वी ऐच्छिक आहे, विकली जाते ती केवळ सजावट आणि मुलाने उधळपट्टी केलीच तर तो दोष पालकांचा; शिवाय वर्षानुवर्षे चालणाऱ्या, नित्य नवी भर पडणाऱ्या खेळाचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे.

ह्यांतले शेवटचे म्हणणे मला संपूर्ण मान्य आहे. सर्व्हर फुकट चालत नाहीत, आणि चित्रकाराने व संगणककाराने आपल्या श्रमाचे मोल घ्यावे हे न्याय्यच आहे. माझा आक्षेप मोल घेण्यावर नसून ते कोणाकडून, कोणत्या घटकेस आणि कोणत्या रीतीने घेतले जाते ह्यावर आहे.

नवख्याचा पहिला तास जवळून पाहावा. आरंभीच्या सामन्यांत समोर येणारे बरेचसे प्रतिस्पर्धी माणसे नसून संगणकाने चालविलेले बॉट असतात. मूल भराभर जिंकते आणि आपल्याला हा खेळ साधला असे त्याला वाटू लागते. मग पडद्याच्या कोपऱ्यांत लाल ठिपके दिसू लागतात : रोजच्या हजेरीचे बक्षीस, पहिल्या टॉप-अपवर जादा डायमंड (खेळातले चलन), घटत्या वेळाचे घड्याळ लावलेले नशिबाचे चक्र. ह्यानंतर खरी माणसे समोर येतात, मूल हरू लागते, साध्या वेषामुळे ‘नूब’ म्हणून हिणविले जाते. आणि नेमक्या ह्या मानभंगाच्या क्षणी दुकान एका बोटाच्या अंतरावर उभे असते. चक्राच्या फेऱ्याची किंमत रुपयांत नसते, ती डायमंडांत असते. डायमंडांचे गठ्ठे ठरावीक आकड्यांचेच मिळतात, त्यामुळे खरेदीनंतर थोडे शिल्लक उरते आणि ते शिल्लकच पुढच्या खरेदीस बोलावते. आपण किती रुपये घातले ह्याचा हिशेब थोरामोठ्यांनाही चटकन लागत नाही. बारा वर्षांच्या पोराला तो कोठून लागावा?

ज्याला मालाचे खरे मोल अजून कळलेलेच नाही त्याच्या होकाराला इच्छा म्हणता येत नाही. तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद आधी जोर-बैठका घालायला लावतो, लंगोटाचे दुकान दाखवीत नाही. येथे मात्र शिक्षण आणि विक्री एकाच हातात आहेत, आणि शिक्षण विक्रीच्या सोयीने बेतलेले आहे.

आता ‘केवळ सजावट’ हा मुद्दा. फ्री फायरमध्ये बंदुकीच्या अनेक स्किन, म्हणजे तिच्यावर चढविण्याची सजावटीची आवरणे, तिचा मारा, पल्ला किंवा गोळीबाराचा वेग बदलतात. म्हणजे पैसे मोजणाऱ्याच्या हाती अधिक चांगले शस्त्र येते. जेथे निव्वळ शोभाच विकली जाते तेथेही हेतू निष्पाप असतोच असे नाही. अ‍ॅक्टिव्हिजन ह्या अमेरिकन कंपनीला ऑक्टोबर 2017 मध्ये मिळालेल्या एका पेटंटात, नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम निष्णात खेळाडूशी घालून त्याच्याजवळचे शस्त्र किंवा अन्य वस्तू विकत घेण्याचा मोह नवख्याला पाडण्याची युक्ती तपशिलाने लिहिलेली आहे. ती कोणत्याही खेळात वापरली नाही असा खुलासा कंपनीने केला, आणि तो मी खरा मानून चालतो. पण नवख्याची असूया हे उत्पन्नाचे साधन होऊ शकते ह्याचा लेखी दस्तऐवज दप्तरात जमा आहे, ही गोष्ट त्या खुलाशाने पुसली जात नाही.

पालकांवर दोष ढकलणाऱ्यांना आमच्याच छत्तीसगड राज्यातील उदाहरण देतो. 2021 मध्ये कांकेर जिल्ह्यात एका बारा वर्षांच्या मुलाने फ्री फायरमधील शस्त्रांपायी आईच्या खात्यातून तीन महिन्यांत 278 व्यवहारांनी तीन लाखांहून अधिक रुपये घालविले. आईचे दुर्लक्ष झाले असेल. पण ज्या दुकानाने एकाच गिऱ्हाइकाचे 278 व्यवहार घेतले त्याला एकदाही थांबून विचारावेसे का वाटले नाही? 1872 च्या करार कायद्याचे कलम 11 अल्पवयीनास करार करण्यास पात्र मानीत नाही, आणि असा करार मुळापासूनच रद्दबातल होय असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्येच दिला आहे. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत ‘फोर्टनाइट’च्या चालकांनी, फसव्या मांडणीमुळे नकळत झालेल्या आणि मुलांनी पालकांच्या संमतीवाचून केलेल्या खरेदीपोटी, 24 कोटी 50 लाख डॉलर परताव्यासाठी देण्याचे कबूल केले. तेथे दोष केवळ आईबापांचा धरला गेला नाही.

सरसकट बंदीचा पुकारा करणारांशीही माझे जुळत नाही. पबजी 2020 मध्ये आणि फ्री फायर 2022 मध्ये बंद झाले ते देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून, आणि तेच खेळ बीजीएमआय व फ्री फायर मॅक्स अशा थोड्या वेगळ्या नावांनी मुलांच्या हाती राहिले. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख मुख्यत्वे पैसा लावून पैसा जिंकण्याच्या खेळांवर आहे. परत काहीच न मिळणारी ही दुकानदारी त्यात स्पष्टपणे सापडत नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. नवख्याला खेळ नीट कळेपर्यंत दुकान बंद असावे. प्रत्येक किंमत रुपयांत लिहिलेली असावी. अठरा वर्षांखालील कोणासही नशिबाचे चक्र विकू नये. आणि प्रत्येक खरेदीस खातेदाराची स्वतंत्र संमती घेऊन ती काही दिवस फिरविण्याची मुभा असावी. ह्याने धंदा बुडेल हे भय निराधार आहे : ‘डोटा 2’ ह्या खेळात सर्व नायक पहिल्या दिवसापासून विनामूल्य आहेत, आणि तरीही तो एका तपाहून अधिक काळ चालला आहे.

रायपूर-बीरगांवातील मराठी मंडळांनी आणि पालकांनी ह्या चार कलमांचा अर्ज केंद्र सरकारकडे धाडावा. ज्यांच्या घरी असे पैसे आधीच गेले असतील त्यांनी व्यवहारांचे पुरावे जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.