नाळेतील रक्ताची तपासणी आपल्या बाळांनाही हवी

बाळ जन्मताच रडले नाही की वस्तीत कुजबुज सुरू होते. "ग्रहणात बाहेर गेली असेल," "पोटुशी असताना जड उचलले असेल." पुढे मूल वेळेवर मान धरत नाही, आकडी येते आणि सगळा दोष आईच्या माथी मारला जातो. हा अन्याय आहे. नाळ दबली, वार आधीच सुटली, प्रसूती अडून राहिली, तर बाळाच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडतो व पेशी मरतात. याचा ग्रहणाशी काही संबंध नाही.

बाळ गुदमरले होते का, याची खूण नाळेतील रक्तात सापडते. एरवी हे रक्त वारेबरोबर टाकून दिले जाते. ते तपासायला बाळाला सुई टोचावी लागत नाही. त्यातील आम्लता आणि लॅक्टेट यंत्रावर काही मिनिटांत मोजता येते. पीएच ७.० च्या खाली असेल तर धोका मोठा. ही तपासणी जुनीच आहे. नवा शोध चालू आहे तो मेंदूच्या इजेच्या खुणांचा. इजा झाली की जीएफएपी, एस१००बी यांसारखी प्रथिने रक्तात उतरतात. आयर्लंडमधील कॉर्कच्या संशोधकांनी नाळेच्या रक्तातील मायक्रो-आरएनएही तपासले आहेत. मात्र यातली कोणतीही खूण अजून रोजच्या वापरापर्यंत आलेली नाही.

घाई कशासाठी? श्रीमंत देशांत अशा बाळाला जन्मापासून ६ तासांच्या आत उपचार सुरू करून ७२ तास सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर थंड ठेवतात. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवरच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'हेलिक्स' अभ्यासात या उपचाराचा फायदा दिसला नाही. उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. म्हणजे तिकडचा उपचार इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या बाळांना इजा केव्हा आणि कशी होते, हे आपल्याच बाळांच्या रक्तावरून शोधावे लागेल. माझे म्हणणे एवढेच की हे संशोधन आईच्या संमतीने सरकारी रुग्णालयांत व्हावे, आणि तपासणी तयार झाली की ती तिथेच, मोफत मिळावी. वस्तीने फक्त नमुने द्यायचे आणि लाभ पैसेवाल्यांनी घ्यायचा, असे चालणार नाही.

नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या खासगी बँकांचा या तपासणीशी संबंध नाही. आयसीएमआरने अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

तोवर आपल्या हातात बरेच आहे. प्रसूती दवाखान्यातच करा. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, वाहन आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. बाळ उशिरा रडले तर विचारा: किती वेळाने रडले? अपगार गुण किती? नाळेतील रक्त तपासले का? उत्तरे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, झटके येत असतील तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. घरी बाळाला थंड करू नका, उबदार गुंडाळूनच न्या.

आईला दोष देणे सोडा आणि दवाखान्याला प्रश्न विचारा. तो आपला हक्क आहे.