जुनी जीप कामाला लावा

आपल्या गोव्यात जुनी जीप दुरुस्त करतात ती बहुधा मिरवायला. मला हे पटत नाही. 1941 पासून युद्धासाठी बनलेली ही गाडी मुळात राबणारी.

महाराष्ट्राच्या सीमेलगतचं, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं बेला घ्या. कापसाची काळी जमीन. पावसात चिखल चिकटतो आणि मागची दोन चाकं जागीच फिरतात. तिथे चारही चाकांना जोर हवा. चकचकीत रंग काय कामाचा?

म्हणून आधी चासी, ब्रेक, पाटे नीट करा. माल आरसी बुकात नोंदलाय तेवढाच भरा. 1988च्या मोटार वाहन कायद्यात मनमानी बदल बसत नाहीत. कोरड्या डांबरावर मात्र दोनच चाकांवर चालवा, नाहीतर गिअर झिजतील.

रंगाचं, पैसे उरले तर बघू.